गहिनीनाथचं पोट आणि चाळिसावा किलोमीटर

गॅसची टाकी संपत आली होती, पोळ्या व्हायच्या होत्या आणि सुनीलचा एक मोजा सापडत नव्हता. शेवगावच्या त्या कॉलनीत सकाळी सातला प्रत्येक घरात असंच काहीतरी चाललेलं असतं. मोज्याऐवजी कुठे चष्मा हरवतो, कुठे गाडीची किल्ली, एवढाच फरक. रोहिणी पोळी लाटता लाटता नवऱ्याला सांगत होती, "अहो, पायातच बघा एकदा. परवा दोन्ही एकाच पायात घातले होते तुम्ही."

"परवा थंडी होती," सुनील पलंगाखालून म्हणाला.

तेवढ्यात दारावर थाप पडली.

बेल असताना दार वाजवणारा त्या गल्लीत एकच माणूस होता, समोरच्या घरातला गहिनीनाथ. वीज कंपनीत वायरमन. चोवीस वर्षं खांबावर चढण्यात गेली, पण दुसऱ्याच्या दारची बेल त्याने कधी दाबली नाही. "कुनी कशी जोडली आसंल, काय भरवसा?" असं त्याचं म्हणणं. आता ही बेल दोन वर्षांपूर्वी त्यानेच जोडून दिली होती, पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

रोहिणीने पिठाच्या हातानेच दार उघडलं. गुडघ्यापर्यंतची काळी चड्डी, वर ऑफिसचा स्वेटर, कानाला मफलर आणि पायात लांबून पोपट बसल्यासारखे दिसणारे हिरवे बूट. हातात कापडी पिशवी.

"पळून आलात वाटतं, भाऊजी?"

"चौदा झालं." म्हणजे किलोमीटर. "वहिनी, तुमच्या केमिस्ट्रीचं जरा काम हुतं."

रोहिणीने नगरच्या कॉलेजातून रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलं त्याला बावीस वर्षं झाली. नोकरीला तिने त्या पदवीचा उपयोग केला नाही, पण गल्लीने एक दिवस ती पडून राहू दिली नाही. गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख, टाकीत टाकायच्या पावडरीचं प्रमाण, पोरांच्या शाळेच्या प्रकल्पातले ज्वालामुखी, चांदीच्या पैंजणांचा काळेपणा, सगळं तिच्याकडे यायचं. त्यामुळे तिला नवल वाटलं नाही. तिने पोळी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "या आत."

गहिनीनाथने पिशवी जेवणाच्या टेबलावर उलटी केली. पाच पाकिटं पडली. एक नारिंगी, एक लिंबाच्या चित्राचं, एक गोळ्यांची नळी, एक 'साखरविरहित' असं मोठ्या अक्षरात मिरवणारं, आणि एक निळं. निळ्याच्या चित्रातला माणूस डोंगरावर उभा राहून आभाळाकडे ओरडत होता.

"नगरला गेल्तो कामाला. दुकानवाल्यानं दिलं, म्हनला पळनारी समदी हेच पित्यात. ह्यातलं कोन्तं..." गहिनीनाथने स्वयंपाकघराकडे, मग पलंगाखालून निघालेल्या सुनीलकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "कोन्तं पोट बिघडवनार न्हाई, तेवढं सांगा."

पोट हा शब्द त्याने असा उच्चारला, जसा काही एखाद्या तुरुंगात गेलेल्या नातेवाइकाचं नाव घेतोय.

त्या पोटाची ख्याती गल्लीला माहीत होती. तीन वर्षांपूर्वी रक्तात साखर काठावर निघाली तेव्हा डॉक्टरांनी गहिनीनाथला रोज अर्धा तास चालायला सांगितलं होतं. डॉक्टरांची चूक एवढीच की त्यांना हा माणूस माहीत नव्हता. एक खांब बघायला पाठवलं तर हा पुढचे चार तपासून येणार. अर्ध्या तासाचा तास झाला, चालण्याचं पळणं झालं. साखर सहा महिन्यांत उतरली, पण गहिनीनाथ काही थांबला नाही.

सुरुवातीला रतनने, म्हणजे त्याच्या बायकोने, चड्डीला परवानगी दिली नव्हती. त्यामुळे पहिले चार-पाच महिने तो ऑफिसच्या खाकी पँटमध्येच पळाला. भल्या सकाळी खाकीतला वायरमन धावत सुटलेला बघून लोक दारात यायचे.

"गहिनीनाथ, डीपी उडाली का काय?"

"न्हाई ओ. नुसताच पळतोय."

"नुसतं कोन पळतं, बाबा? खरं सांग, लाईट कवा येनार?"

लाईट गेलेली नसायची. तरी त्याला पळताना पाहून दोघाचौघांनी मोटारी बंद करून ठेवल्याची उदाहरणं आहेत.

मग शर्यती सुरू झाल्या. दहा, एकवीस, बेचाळीस, सगळ्या पार पडल्या. अडली ती एकच. दर जानेवारीत जामखेडहून निघायचं, खर्ड्याच्या किल्ल्याखाली वळसा घ्यायचा आणि परत जामखेडला यायचं. पन्नास किलोमीटर, सात तासांत. गहिनीनाथ दोन वर्षं गेला आणि दोन्ही वर्षं चाळिसाव्या किलोमीटरच्या आसपास रस्ता सोडून तुरीच्या शेतात शिरला. पहिल्या वर्षी आयोजकांच्या जीपवाल्याला वाटलं, हा माणूस चक्कर येऊन पडला. त्याने शिट्ट्या मारत शोध घेतला. "त्याला मी सापडलो नसतो तर बरं झालं असतं," असं गहिनीनाथ नंतर म्हणाला. ऑफिसात तेव्हापासून त्याचं नाव 'फ्यूज' पडलं. चाळीसचा लोड आला की उडतो.

हसण्यावारी नेण्यासारखीच गोष्ट होती आणि गहिनीनाथही हसायचाच. पण त्या सकाळी पाकिटं सरळ करून रांगेत मांडता मांडता तो म्हणाला, "ह्या साली न्हाई जमलं तर बूट उचलून ठेवनार, वहिनी. सत्तेचाळीस पुरं झालं. किती दिवस पोरखेळ?"

रोहिणीने तव्यावरची पोळी उलटली. ती समोरच राहत असल्यामुळे तिला या माणसाचं आयुष्य तसं पाठ होतं. नोकरी मिळाली ती वडील कामावर असताना वारले म्हणून. लग्न चुलत्याने ठरवलं. बदल्या साहेबांनी केल्या, घर रतनने पसंत केलं, गाडीचा रंगसुद्धा शोरूमवाल्याने. कुणी विचारलं तर हा म्हणणार, "बघा तुमाला कसं बरं वाटतं तसं." पळणं ही एकच गोष्ट त्याने स्वतःहून धरली होती, आणि तीच सोडायची भाषा तो पाकिटांकडे बघत करत होता.

"ठेवून जा," ती म्हणाली. "वाचून सांगते. आणि डॉक्टरांना विचारलंत का, साखरेचं पाणी चालेल का म्हणून?"

"विचारलं. म्हनले, पळताना प्या, घरी बसून पिऊ नका."

दुपारी भांडी आवरल्यावर रोहिणीने चष्मा लावला आणि पाचही पाकिटांच्या पाठी वाचल्या. पुढची बाजू डोंगरावरच्या माणसाला, मागची बाजू रोहिणीला. निळ्यात कॉफीतलं उत्तेजक द्रव्य होतं. ज्याला दोन कप चहानंतर झोप येत नाही त्याच्या कामाचं नाही. साखरविरहितात गोडी आणणारा असा पदार्थ होता की काहींना त्याने पोटात नुसता वारा धरतो, आणि पाच-सहा तास पळणाऱ्याला साखर नको तर काय हवंय? नारिंगीत बहुतेक सगळी फळांतली साखर होती, जी एकदम जास्त गेली तर कित्येकांना पचत नाही. गोळ्या पाण्यात फसफसायच्या, म्हणजे पळताना पोटात गॅस. राहिलं लिंबाचं. साधं ग्लुकोज, थोडी साखर, मीठ, आणि लिंबाची चव म्हणावी तर आहे, नाही म्हणावी तर नाही.

संध्याकाळी ती पाकिटं घेऊन समोर गेली. रतन ओट्यापाशी उभी राहून बाटली हलवत होती. आतलं द्रव इतकं दाट होतं की बाटली उलटी केली तरी ते विचार करून खाली येत होतं.

"हे काय गं?"

"त्यांचं पळायचं सरबत. ही पाकिटं यायच्या आदी एक डबा आनला हुता त्यांनी, पंधरा दिस झालं देतीय. लई ताकद आसती म्हनं ह्याच्यात."

रोहिणीने डब्यातलं माप काढून पाहिलं. डब्यावर लिहिलं होतं, अर्धा लिटर पाण्याला एक माप. "तू किती टाकतेस?"

"तीन. कदी कदी चार." रतनने अभिमानाने सांगितलं. "एका मापात काय हुतंय, वहिनी? चव बी लागत न्हाई. लोकं म्हनतील, बायकूनं पानचट सरबत करून दिलं."

"कोण लोक? बाटली तर त्यांच्याच तोंडाला आहे."

"तरी पन," रतन म्हणाली.

मागून गहिनीनाथ बारीक आवाजात म्हणाला, "मला बी दाट वाटतंय. पर आता प्रेमानं देती..."

"प्रेम एका मापात बसवा," रोहिणी म्हणाली. मग तिने रतनलाच विचारलं, "काकडीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की काय होतं?"

"पानी सुटतं."

"का सुटतं? बाहेर खारट जास्त झालं की आतलं पाणी तिकडे ओढलं जातं. साखरेचंही तसंच. इतकं दाट सरबत पोटात गेलं की अंगातलं पाणी आतड्यात ओढलं जातं. हे पळतायत, घाम निघतोय, अंगाला पाणी हवंय आणि तू ते उलटं आतड्यात पाठवतेयस. मग ते बिचारं आतडं काय करणार?"

रतनने बाटलीकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. "म्हंजी मंगळवारी तुमी त्या पेट्रोलपंपावर गेलता ते..."

"जाऊ दे ना आता," गहिनीनाथ म्हणाला.

लेबल वाचून निकाल लावणारी रोहिणी नव्हती. पोट काही लेबल वाचत नाही, असं तिचं मत. म्हणून तिने रविवार लावून दिले. एका रविवारी एकच पेय, एकच प्रमाण. दर पाव तासाला दोन-तीन घोट, तहान लागायची वाट बघायची नाही आणि एकदम घटाघटा प्यायचं नाही. लिंबाच्या पावडरीने सुरुवात, मग नारिंगी, मग घरचं लिंबू-मीठ-साखर. रतनच्या हाताला आवर घालायचा म्हणून तिने स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून तीस-तीस ग्रॅमच्या पुड्या बांधल्या. वैद्याच्या पुडीत कुणी आपल्या पदरची भर घालत नाही, हे तिला माहीत होतं.

पहिल्या रविवारी पैठण रस्त्याने पंचवीस किलोमीटर करून गहिनीनाथ दारात उभा राहिला. थाप मारली आणि बुटांच्या टोकाकडे बघत राहिला.

"कसं झालं?"

"बरं झालं."

"पोट?"

गहिनीनाथने तुळशीकडे पाहिलं, मीटरच्या पेटीकडे पाहिलं. शेजारच्या वहिनीला सांगायचं तरी कोणत्या तोंडाने? शेवटी त्याला वाट सापडली. "वहिनी, आठरा किलोमीटरपतूर सप्लाय एकदम चांगला हुता. मग जरा लोड आला."

"ट्रिप झालं का?" रोहिणीने गंभीरपणे विचारलं.

गहिनीनाथचा चेहरा उजळला. "न्हाई, न्हाई! ट्रिप न्हाई झालं. व्होल्टेज हललं थोडं, मग आपोआप लाईन सुरळीत."

आत वर्तमानपत्रामागे सुनीलचा खोकला सुरू झाला. तो बराच वेळ चालला.

त्यानंतर दर रविवारी हीच भाषा. नारिंगीच्या वेळी बावीस किलोमीटरवर संपूर्ण फीडर बंद पडला आणि दुरुस्तीला वीस मिनिटं लागली. घरच्या लिंबूपाण्यावर लाईन चालू राहिली, पण बाटलीतली साखर तळाला बसून पहिले घोट पाण्याचे आणि शेवटचे पाकाचे झाले. परत लिंबाची पावडर घेतली. एक माप, अर्धा लिटर. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी बत्तीस किलोमीटर झाले आणि गहिनीनाथने दारात उभं राहून दोन्ही हात वर केले. "अखंडित पुरवठा, वहिनी!"

रोहिणीने त्याला बसवून घेतलं आणि बजावलं, की आता हेच. शर्यतीच्या दिवशी नवीन काही तोंडाला लावायचं नाही, टेबलावरचं कुणी कितीही आग्रहाने दिलं तरी. गहिनीनाथने मान हलवली. पण उठताना तो असा काही उठला, जणू परीक्षेचा पेपर चांगला गेलाय पण निकाल माहीतच आहे.

"आता काय झालं?"

"काय न्हाई. सरावाला जमतंच की, वहिनी. मागच्या साली बी सरावाला जमलंच हुतं. तवा तर नुसतं पानी पेत हुतो. शर्यतीतच व्हतं ते."

हे रोहिणीला नवीन होतं. पावडर या वर्षीची, दाट सरबत या वर्षीचं. मग मागच्या दोन वर्षांचं काय? ती त्या रात्री, दुसऱ्या दिवशी धुणं वाळत घालताना, आणि वांग्यांना चिरा देतानाही हाच विचार करत राहिली. बेचाळीसची शर्यत याने दुसरीकडे पूर्ण केली होती. म्हणजे अंतराचा दोष नाही. पाणी तेच, माणूस तोच. राहिला रस्ता.

संक्रांतीच्या आधी ती समोर मेथी निवडायला म्हणून गेली. रतनच्या समोर मेथीचा ढीग, गहिनीनाथ दाराशी बुटांच्या नाड्या धुवत बसलेला. रोहिणीने घाई केली नाही. चार जुड्या होऊ दिल्या.

"भाऊजी, दोन्ही वर्षी चाळिसाव्याच किलोमीटरला?"

"व्हय. चाळीस-एकेचाळीस."

"त्याच्या आधी काय काय घेतलं होतं पोटात?"

"पानी. एक-दोन जागी केळं. मिठाची चिमूट."

"आणि?"

"आन्..." गहिनीनाथ नाडी पिळत राहिला. त्या नाडीत तेवढं पाणी नव्हतं.

रतनने मेथीतून मान वर केली. "अवो, आईचं दूध सांगा की. चोरी हाय का?"

"कुणाचं?"

"माझ्या आईचं. आमची वस्ती हाय ना त्या रस्त्याला, खर्ड्याच्या अलीकडं. जाताना आई अडवत न्हाई, जानाऱ्याला आडवलं की काम आडतंय म्हनती. येताना थांबवती. जावई दारावरून उपाशी जायचा म्हंजी काय? पाहाटं तीनला उठून आटवती बगा. खारीक, खोबरं, बदाम. वरनं तूप."

"किती देते?"

"तांब्याभर," रतन म्हणाली. "लहान न्हाई. पितळंचा."

रोहिणीने हातातली काडी खाली ठेवली. "ही वस्ती कितव्या किलोमीटरला येते?"

रतनने नवऱ्याकडे पाहिलं. मग गहिनीनाथ बुटांना उद्देशून म्हणाला, "पस्तीस."

पस्तीस किलोमीटर पळून रक्त सगळं पायात उतरलेलं, पोट जवळजवळ बंद केलेलं दुकान, आणि त्यात तांब्याभर तुपाचं आटीव दूध! पाच किलोमीटर ते निघालं हेच नवल, असं रोहिणीला वाटलं. पण तिला हसू आलं ते वेगळ्याच गोष्टीचं. दोन वर्षं हा माणूस बूट, केळी, मीठ, आयोजकांचं पाणी, सगळ्यांवर संशय घेत होता. खरं काय ते त्याला माहीत होतं.

"मग फोन करून सांगा ना त्यांना," ती म्हणाली.

रतनचा चेहरा असा झाला, जणू कुणी तिला माहेर विकायला सांगितलंय. "काय सांगू? माझ्या नवऱ्याला तुझं दूध सोसत न्हाई? आई सत्तरीला आली, वहिनी. वरीसभर ती ह्या एका दिवसाची वाट बगती. दुसऱ्या जावयाला तर तिकडं फिरकायला बी सवड न्हाई."

"मग भाऊजी, तुम्ही?"

"मी काय सांगनार?" गहिनीनाथ म्हणाला. "मामींनी इतक्या मायेनं करायचं आन् मी नगं म्हनायचं? वस्तीवर समदी जमलेली असत्यात. आमच्यात जावयानं हातातला तांब्या परत केला म्हंजी रुसला म्हनत्यात. पार भावकीत जातं ते."

"बरोबर आहे," रोहिणी म्हणाली आणि पुन्हा मेथी घेतली. तिला जे कळलं होतं ते त्या दोघांनाही कळलं होतं. आता त्यात केमिस्ट्री उरली नव्हती.

शर्यतीच्या दिवशी सुनीलने गाडी काढली. मागच्या सीटवर रोहिणी, पुड्यांच्या पिशवीसह. पुढे रतन, नवी साडी नेसून, माहेरी जायचं म्हणून. सहाला जामखेडहून सगळे सुटले. खर्ड्याच्या वळशाला गहिनीनाथ दिसला तेव्हा तो मजेत होता. बाटली घेतली, अंगठ्याने "लाईन चालू" अशी खूण केली आणि निघाला. किल्ल्याच्या भिंतीवर एक शेळी उभी राहून या सगळ्या चड्डीवाल्यांकडे बघत होती.

वस्तीकडे जाताना रतन बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होती. दोन्हीकडे ज्वारी उभी होती. "वहिनी," ती मागे न वळता म्हणाली, "तुमी तिथं काय बोलू नका हां."

"मी नाही बोलणार."

"त्यांनी बी बोलू न्हाई, असं वाटतं." थोडं अंतर गेलं. "आन् बोलावं, असं बी वाटतं. सकाळी बूट घालताना बगितलं मी. शेवटचंच घालतोय अशी नाडी बांधत हुते."

वस्तीच्या तोंडाला फ्लेक्स लागला होता. रतनचा भाऊ अंगद याची ती करामत. 'आमचे लाडके दाजी, धावपटू गहिनीनाथराव यांचे हार्दिक स्वागत', आणि खाली लग्नातला फोटो, मुंडावळ्यांसह. पळणाऱ्या माणसाचं स्वागत मुंडावळ्यांत पाहून पुढे गेलेले दोन-तीन स्पर्धक वेग कमी करून वाचत गेले म्हणे. रस्त्याच्या कडेला प्लास्टिकची खुर्ची, तिच्यावर टॉवेल अंथरलेला, टोपी-उपरण्याचं ताट, ओवाळणीचं ताट, पंधरावीस माणसं. आणि सगळ्यांच्या पुढे, पदर डोक्यावर घेतलेली रतनची आई, रंगुबाई. तिच्या दोन्ही हातांत पितळेचा तांब्या होता, वर वाटी झाकलेली. अंगद सांगत होता, आठ वाजल्यापासून ती तशीच उभी आहे. खाली ठेव म्हटलं तर म्हणते, निवंल.

साडेदहाला पाच-सात मिनिटं होती तेव्हा वळणावर पोपटी बूट दिसले.

रोहिणीने घड्याळ पाहून मनात हिशेब मांडला. पंधरा किलोमीटर राहिले, वेळ एक वाजेपर्यंत. पोट ठीक, पाय ठीक. आता अगदी सावकाश पळत गेला तरी पोहोचला असता. मध्ये फक्त तो तांब्या होता.

"आले, दाजी आले!" अंगदने पुढे होऊन त्याला कडेला घेतलं. टोपी घातली, ती घामाने लगेच घसरली. उपरणं घातलं. बायकांनी ओवाळलं. कुणीतरी खुर्ची पुढे सरकवली, पण गहिनीनाथ बसला नाही. खुर्चीची पाठ धरून उभा राहिला.

"पाव्हणं, हाडं वर आली की ओ," रंगुबाई म्हणाली. "लेक काय खायाला घालती का न्हाई तुमाला?" आणि तिने वाटी काढली. वेलदोड्याचा वास रस्त्यावर पसरला. दुधावर तुपाचा पिवळा थर उन्हात चमकत होता.

गहिनीनाथचा हात सवयीने पुढे आला, अर्ध्यावर आला, आणि तिथेच राहिला. त्याने रतनकडे पाहिलं. रतनने पदराचं टोक दातात धरलं होतं. तिने नाही म्हणून मान हलवली नाही, की हो म्हणूनही नाही. पण नजर काही तिने खाली घातली नाही. रोहिणीच्या जिभेवर एक वाक्य तयार होतं, अगदी सभ्य, डॉक्टरांचं नाव घेऊन केलेलं. तिने ते गिळलं. ते बोलायचं काम तिचं नव्हतं.

"घ्या की, दाजी," अंगद म्हणाला. "मागच्या वेळी येका दमात संपवलं हुतं तुमी."

जमलेली माणसं हसली. मागून एक स्पर्धक चपळ पावलं टाकत पुढे निघून गेला. गहिनीनाथने त्याच्या पाठीकडे पाहिलं. मग त्याने दुसराही हात पुढे केला आणि तांब्या घेण्याऐवजी, तांब्या धरलेले रंगुबाईचे दोन्ही हातच आपल्या हातांत घेतले. म्हातारीने चकित होऊन वर पाहिलं.

"मामी," तो म्हणाला, "रागावू नगा. आज दूध नगं. मला घोटभर साधं पानी द्या."